बांधीखालची बांधी

गोंदियाला कशासाठी चाललायस, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "एक नियम चुकलाय, तो बघायला." ती म्हणाली, "नियम पुण्यातूनही बघता येतो. तू माफी मागायला चाललायस." मी बॅगेत कपडे भरत राहिलो.

तिचं म्हणणं खरं होतं. मी सॉफ्टवेअर लिहितो. पन्नाशी ओलांडली आहे आणि आमच्या छोट्या कंपनीत सगळ्यात जुना मीच आहे. गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका गावातल्या पाणी वापर संस्थेसाठी आम्ही एक प्रणाली केली होती. गावाच्या तलावातलं पाणी धानाच्या शेतांना कुणाला, कधी आणि किती वेळ द्यायचं, हे तिनं सांगायचं. संस्थेचे सचिव हिवराज यांचा फोन आला तो दिवाळी होऊन काही दिवस झाल्यावर.

"साहेब, एका बाईची बांधी सुकून राहिली, अन् तुमचा सिस्टम म्हनते सगरं बराबर हाय. आता तुमीच सांगा, बांधी खोटी का सिस्टम खोटा?"

बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत. आमच्या प्रणालीत प्रत्येक बांधी ही एक स्वतंत्र वस्तू होती, म्हणजे आमच्या भाषेत ऑब्जेक्ट. मालक कोण, धान हलका म्हणजे लवकर पिकणारा की भारी म्हणजे उशिरा पिकणारा, पेरणी कधी, पाणी कुठून येतं, ही माहिती तिच्याजवळच असते. 'हलक्या धानाची बांधी' ही साध्या बांधीची पोटजात, त्यामुळे बांधीचे सगळे गुण तिला वारशानं मिळतात. या वस्तूंच्या साठ्यावर आम्ही 'जर असं असेल, तर असं कर' या घाटाचे नियम बसवले होते. एका नियमाचं उत्तर दुसऱ्या नियमाला जागं करतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. माणसानं विचार करावा तशी ही साखळी चालते, असं मी संस्थेच्या सभेत व्हिडिओवरून सांगितलं होतं. सांगताना मला अभिमान वाटला होता, हेही इथं लिहून ठेवतो.

फोन आल्यावर मी साखळी तपासली. चूक सापडायला वेळ लागला नाही. ती काय होती हे गाव दिसल्यावर सांगणं सोपं जाईल. नियम दुरून बंद करता आला असता, पण हिवराज म्हणाले, "नुसता बंद करून नाई चालत आता. मधात कापलेला धान पडला हाय." हे वाक्य मला नीट कळलं नाही. ऑफिसनं जा म्हटलं नव्हतं. मी रजा टाकून निघालो.

गोंदिया

गाडी सकाळी गोंदियाला पोचली. उतरताना लॅपटॉपचा चार्जर सीटजवळच्या खुंटीला लटकत राहिला, आणि हे मला स्टेशनबाहेर चहा पिताना आठवलं. तोवर गाडी पुढे निघून गेली होती.

स्टेशनबाहेर हवेत राईस मिलचा वास होता. उकडलेल्या भाताचा आणि जळक्या कोंड्याचा तो मिश्र वास पहिल्यांदा घेणाऱ्याला जेवणाची आठवण करून देतो, थोड्या वेळानं घशात बसतो. हे गाव महाराष्ट्रात आहे हे पाट्यांवरून कळतं, कानांना कळायला वेळ लागतो. चहावाल्याला मी मराठीत विचारलं, लॅपटॉपचं सामान कुठं मिळेल?

"आगे मार्केट में देख लो भैया. पुना से आए हो क्या?"

"कसं ओळखलं?"

"इतनी साफ मराठी में यहाँ सिर्फ मास्टर लोग डाँटते हैं."

मी रागावलो नव्हतो, तरी सवयीनं "सॉरी" म्हणालो. त्यानं शेजारच्या ऑटोवाल्याकडे बघून डोळे मिचकावले. ऑटोवाल्यानं मला तीन दुकानं फिरवली. माझ्या जुन्या यंत्राला बसेल असा चार्जर एकाही ठिकाणी नव्हता. दुपारच्या पॅसेंजरला बसलो तेव्हा लॅपटॉपमध्ये जेमतेम पाच-सात टक्के बॅटरी होती आणि पोटात दोन आलूबोंडे.

सौंदड

हिवराज सौंदड स्टेशनवर मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांची सासुरवाडी इथलीच. उंच, हसरा, चाळिशीचा माणूस. माझी बॅग त्यांनी टाकीवर ठेवली आणि हातात उकडलेल्या शिंगाड्यांचा कागद दिला. शिंगाडे इथल्या तलावांतच होतात. आपल्याकडे उपासाला त्यांचं पीठ मिळतं एवढंच मला ठाऊक होतं. ताजा उकडलेला शिंगाडा काळ्या सालीतून सोलून खाताना तो रताळ्याचा लांबचा नातेवाईक वाटतो. साल काढताना नखात टोचतो, ते वेगळं.

सौंदड सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान होता. मी कृष्णाकाठचा. आमच्याकडे शेत म्हणजे काळी सपाट जमीन आणि उसाच्या भिंती. इथं जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते, आणि प्रत्येक पायरीला मातीचा बांध असतो, त्याला इथं धुरा म्हणतात. त्यामुळे सगळा देश चौकटी चौकटींचा दिसतो. काही चौकटी पिवळ्या, काही अजून हिरव्या, काही कापून मोकळ्या झालेल्या. मोकळ्या चौकटींत कापलेला धान ओळीनं आडवा पसरला होता.

"याले कडपा म्हनतेत," हिवराज मान मागं वळवून म्हणाले. "दोन-चार दिस असाच वारू द्यायचा. मंग भारे बांधाचे, अन् पुंजना रचाचा."

"आणि त्यात पाणी शिरलं तर?"

"मंग कोंब फुटतेत, साहेब. धानाचं वाटोरं."

आता मला त्यांचं फोनवरचं वाक्य कळू लागलं.

वाटेत ते मोकळेपणानं बोलत होते. "खरं सांगू का, तुमचा सिस्टम आल्यापासून मी सुखात हाय. पयले काय होये, पानी कोनाले द्याचं अन् कोनाले नाई, सगऱ्या शिव्या मले. लगनात जेवाले बसलो तरी कोनी ना कोनी सुरू. आता मी मोबाइल दाखवतो. म्हनतो, बाप्पा, मी नाई, मशीन म्हनते. शांती हाय."

ते कौतुकानं बोलत होते. मी मागं बसून शिंगाड्याची सालं खिशात कोंबत होतो.

तलावाची पाळ

रात्रीचं जेवण हिवराजांच्या घरी झालं: भात, लाखोरीचं वरण, तलावातल्या बारक्या माशांचा रस्सा, आणि पुन्हा भात. मी पोळीची वाट बघतोय हे त्यांच्या आईच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "पोरी आपल्या घरी खाजो." इकडे पोळीला पोरी म्हणतात. मग माझं तोंड बघून तांदळाच्या पिठाची एक गरम भाकर त्यांनी ताटात टाकली. त्रास दिला म्हणून मी दोनदा माफी मागितली. दुसऱ्या वेळी त्या हिवराजांना म्हणाल्या, "हा मानूस आजारी हाय का गा?"

सकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर गेलो. पाळ म्हणजे तलावाचा उंच मातीचा बांध. वर मोहाची आणि अर्जुनाची झाडं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेल्या बांध्या. पाणी सोडण्याच्या दाराला तुडुम म्हणतात. एका बाजूला जंगलाचं उंच टेकाड, दुसरीकडे नाला.

माझी चूक मला वरून एका नजरेत दिसली. ती अशी होती.

आमच्याकडे कालव्याचा पाट असतो. पाटातून प्रत्येक शेताला स्वतःचं दार असतं. तुमची पाळी आली की तुम्ही दारं धरता, पाणी तुमच्या रानात जातं. पाळी संपली की दार बंद, आणि शेजाऱ्याचं दार उघडतं. तुमच्या शेताचा आणि त्याच्या पाण्याचा काही संबंध नाही. माझ्या डोक्यात शेत म्हणजे हेच चित्र होतं. इथं पाट नाही. तुडुमातून निघालेलं पाणी पहिल्या बांधीत भरतं, तिच्या धुऱ्याच्या तोंडातून दुसरीत उतरतं, दुसरीतून तिसरीत. वरची बांधी हीच खालच्या बांधीचा पाट असते.

मी प्रत्येक बांधीजवळ 'माझं पाणी कुठून येतं' हे ठेवलं होतं. 'माझ्यातून कुणाला जातं' हे ठेवलं नव्हतं. दुवा एकाच दिशेनं जात होता. काम तपासताना एका सहकारी मुलीनं उलटा दुवा ठेवायचा का, असं विचारलं होतं. मी म्हणालो होतो, लागला तर नंतर बघू.

बाकीचं साखळीनं केलं. टेकराम नावाच्या शेतकऱ्याची वरची बांधी हलक्या धानाची. धान पिकला, म्हणून एका नियमानं त्या बांधीची पाळी संपवली आणि तसा मेसेज त्यांना व पाणी सोडणाऱ्याला गेला. पाळी संपलेल्या बांधीतून पाणी न्यायचं नाही, हा दुसरा नियम. तिच्या खालची भागरताबाईंची बांधी भारी धानाची, दाणा अजून दुधात, आणि यंदा परतीचा पाऊस लवकर थांबलेला. तिला एका पाण्याची गरज होती. पण तिच्याकडे जाणारी वाट बंद झाली होती, म्हणून तिसऱ्या नियमानं तिला यादीतून गाळलं. नकारही दिला नाही. ती यादीत दिसेनाशी झाली, एवढंच. यादीत नाही म्हणून कुठं लाल खूण नाही, आणि म्हणून सगळं बरोबर.

पाळीवर तिघं जण आधीच आले होते. टेकराम बुटके, जाड मानेचे, गळ्यात टॉवेल. पाणी सोडणारे सुकराम, त्यांना गावात पाणकर म्हणतात, तुडुमाच्या चाकावर हात ठेवून बसलेले. आणि भागरताबाई, माझ्याच वयाच्या, पदर खोचलेल्या. जंगलालगतच्या टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, त्यांचं घर आहे आणि शेत त्या एकट्या बघतात.

"पुन्याचे तुमीच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माही बांधी यादीतून तुमीच काहाडली?"

मी याच क्षणासाठी आलो होतो. मी सांगितलं की हो, चूक माझी आहे, पूर्णपणे माझी, तुमच्याकडचं पाणी कसं चालतं हे मी समजून घेतलं नाही, मला माफ करा. बरंच बोललो.

"मापी पाजू का धानाले?" त्या म्हणाल्या.

पण टेकरामांचा चेहरा उजळला होता. "घ्या! साहेबच म्हनून राहिले आपली चूक हाय. मंग मले काऊन बोलून राहिल्या तुमी चार दिसापासून?"

"संस्थेचीबी नाई मंग," हिवराज म्हणाले.

"मी तं मेसेज पाहूनच तुडुम बंद ठेवला," सुकराम म्हणाले. "माह्या हातात काय हाय? चाक हाय."

भागरताबाईंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "झालं? सुटले सगरे? हा मानूस गाडीत बसंन अन् दोस संगं घेऊन जाईन पुन्याले. माही बांधी इथंच राहीन."

मी लॅपटॉप उघडला, नियम दाखवावा म्हणून. तो सुरू झाला, एक खिडकी उघडली आणि बंद पडला.

मग मी हिवराजांना विचारलं, सिस्टम नव्हता तेव्हा काय व्हायचं? ते सांगायला लागले, आणि सुकराम व भागरताबाई मधेमधे दुरुस्त करत गेले. वरच्या बांधीचा धान आधी पिकला तरी विळा लावण्याआधी मालक खालच्याच्या घरी जायचा. तुमचं शेवटचं पाणी व्हायचं आहे का, विचारायचा. व्हायचं असेल तर कधी पाणी जास्त सोडून घाई करायची, कधी वरच्यानं थांबायचं, कधी भांडायचं. भांडणं पुष्कळ व्हायची. पण विचारल्याशिवाय कापायचं नाही, एवढं होतं.

"यंदा काऊन नाई इचारलं?" भागरताबाई टेकरामांना म्हणाल्या. "दरसाली येत होते. चहा पेऊन जात होते."

"मेसेज आला ना बाई!"

मला घरी असताना वाटलं होतं की इथं येऊन चूक कबूल करणं हेच सगळ्यात अवघड असेल. ते सोपं निघालं. अवघड हे होतं की माझ्या कबुलीच्या आडोशाला तीन माणसं आरामात उभी राहिली होती, आणि आडोसा मलाच काढायचा होता.

"टेकरामभाऊ," मी म्हणालो, "खाली भागरताबाईंचा भारी धान उभा आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"आता हे काय? आत्ता तं मापी मांगून राहिले होते!"

सुकराम खो खो हसले. मी म्हणालो, "ती मागितली, ती खरी आहे. मशीनला खालची बांधी ठाऊक नव्हती, तो माझा दोष. पण तुम्हाला ठाऊक होती."

टेकरामांनी टॉवेलनं मान पुसली. "ठाव होती. कोनाले नाई ठाव? मंडई आली गावची, घरी पावने येतेत. म्हनलं, कापून मोकरं व्हावं. मेसेज आला तं वाटलं, झालं असंन तिचं. मशीनले ठाव असंन." मग दुसरीकडे बघत, "जाऊन आलो असतो तं बरं झालं असतं."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर इथल्या प्रत्येक गावात भरणारी जत्रा. लेकी-जावई येतात, अंगणात खाटा पडतात. घाई कशाची ते मलाही समजलं.

कडपा

पुढचा वाद कामाचा होता आणि तो मला निम्मा कळला. कडपा पडून तीन-चार दिवस झालेले, पण रात्रीच्या दवानं आतून अजून ओला. पुंजणा, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचला तर गरम होऊन काळा पडणार, असं टेकराम म्हणत होते.

"पुंजना काऊन रचता?" भागरताबाई म्हणाल्या. "उचला, अन् या पारीवर पसरा. ऊन इथंबी हाय."

"अन् उचलताना दाना झडंन त्याचं?"

"झडंन थोडा. माहा तं सगराच जाईन."

"उचलनार कोन? मंडईच्या टायमाले मजूर भेटते का?"

"मी आनतो बाया," त्या म्हणाल्या. इकडे बायकाही 'मी आणतो, मी जातो' असंच म्हणतात. "तुमी दोर आना."

सुकरामांनी चाकावरचा हात काढला. "कडपा निंगल्याबिगर मी तुडुम उघडत नाई. मेसेज येवो का कोनी येवो." पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं काही ठरवलं होतं. हिवराज त्यांच्याकडे जरा चमकून बघत होते.

टेकराम हो म्हणाले नाहीत. ते घरी गेले. परत आले तेव्हा खांद्यावर दोर होता, आणि मागं बायको आणि दोन्ही सुना. भागरताबाई टोल्यावरून बायका घेऊन आल्या. त्यातल्या एकदोघी आपसांत गोंडीत बोलत होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. काय म्हणतात, असं मी विचारलं. भागरताबाई म्हणाल्या, "तुमच्या बुटायची गोष्ट हाय. काहाडा ते."

मी बूट काढले आणि कामाला लागलो. कडपा दोन्ही हातांच्या कवेत घ्यायचा, लोंब्या एका बाजूला ठेवून, न झटकता. दोरावर ठेवायचा, भारा करायचा, डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून पाळीवर चढायचं. धुरा वीतभर रुंद. मी दुसऱ्याच खेपेला घसरून चिखलात बसलो. भारा मात्र डोक्यावर धरून ठेवला होता, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या खेपेला टेकरामांच्या सुनेनं माझा भारा बांधून दिला.

"भाऊ, हा भारा हाय का लगनातला हार?" मागून एकजण म्हणाली. "माह्या नातीचा यापेक्षा मोठा रायते."

धानाचं कूस अंगाला लागलं की खाज सुटते. मान, कोपर, पोट. आमच्याकडे उसाच्या पाचटानं कापतं, पण कापलेलं दिसतं तरी. हे दिसत नाही आणि थांबत नाही. दुपारी झाडाखाली बसून सगळ्यांनी घरून आणलेला भात आणि चटणी खाल्ली. टेकरामांच्या बायकोनं भागरताबाईंच्या पुढ्यात माशाचं सुकट वाढलं. दोघी कुणाच्या तरी भावाच्या लग्नाबद्दल बोलत होत्या. चार दिवस एकमेकींशी बोलणं बंद होतं, हे मला नंतर हिवराजांनी सांगितलं.

उन्हं उतरता उतरता बांधी मोकळी झाली. पाळीवर दूरपर्यंत धान पसरला होता आणि त्यावर चिमण्या उतरत होत्या. टेकराम बांधीत वाकून झडलेले दाणे बघत फिरत होते.

पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकरामांनी चाक फिरवलं. तुडुमातून आधी गाळ आला, मग पाणी. ते पहिल्या बांध्यांतून उतरत टेकरामांच्या मोकळ्या बांधीत शिरलं. कोरडी पडलेली जमीन बुडबुडे सोडत ते पिऊ लागली. वरची बांधी इतकं पिईल असं मला वाटलं नव्हतं. भागरताबाईंचं पाणी जाताना आधी टेकरामांच्या जमिनीची तहान भागवत होतं. टेकराम फावडं घेऊन उंदरांची बिळं बुजवत होते, बडबडत होते, कापलेल्या बांधीला पाणी देणारा मी पहिलाच येडा असंन.

दुपारनंतर धुऱ्याच्या तोंडातून पाणी खाली उतरलं. भागरताबाई त्या तोंडाशी आत उभ्या होत्या. धानाची पानं टोकाला पिवळी पडून गुंडाळली होती. पाणी त्यांच्या पायांजवळून आत गेलं, बुडख्यांमधून वाट काढत. त्या वाकून हातानं ते कोपऱ्याकडे लोटत होत्या, जणू कोंबड्या खुराड्याकडे हाकलाव्यात.

तलावात गुरांसाठी आणि मासे-शिंगाड्यांसाठी पाणी राखावं लागतं, म्हणून संस्थेनं संध्याकाळपर्यंतच परवानगी दिली होती. तुडुम बंद झालं तेव्हा बांधीचा वरचा मोठा भाग भिजला होता. नाल्याकडचा तिरका कोपरा कोरडाच होता. चार-पाच दिवस आधी सुरुवात झाली असती तर तोही भिजला असता. भागरताबाई तिथवर जाऊन बघून आल्या. माझ्या तोंडावर काही आलं असावं, कारण त्या लांबूनच म्हणाल्या, "आता मापी नोको मांगू भाऊ. घरी जा."

परतीला हिवराज मला सौंदडला सोडायला आले. गाडीला अवकाश होता. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "मंग आता कसा करान नियम?"

मी सांगितलं, उलटा दुवा घालणार. प्रत्येक बांधीला तिच्यातून कुणाकुणाला पाणी जातं ते कळेल.

"बेस. मंग मशीन दोघायचंबी पाहीन, अन् हुकूम देईन."

"हुकूम नाही देणार. पाळी संपवायचा नियम मी काढून टाकणार आहे. धान पिकला की वरच्याला फक्त खालच्यांची नावं जातील. पुढचं त्यानं त्यांच्या घरी जाऊन ठरवायचं."

हिवराज रुळांकडे बघत म्हणाले, "मनजे शिव्या परत मले."

"हो."

"असं थेट सांगता?"

"मशीनला मंडई कळत नाही," मी म्हणालो. "कडपा कधी पडला ते कळत नाही, दोर कुणाकडे आहे ते कळत नाही. हे सगळं वस्तूंमध्ये भरता येईल, पण मग पुढच्या वर्षी अजून काहीतरी राहील, आणि त्याच्या आड सगळे परत सुटतील. मीसुद्धा."

ते पटलं असं त्यांनी म्हटलं नाही. गाडी आल्यावर बॅग चढवून दिली आणि म्हणाले, "तुमच्या नावानंबी शिव्या देत जाईन मी. थोड्या."

पुणे

पुण्यात आल्यावर मी दुवा दोन्ही दिशांनी केला. ज्या मुलीनं आधी विचारलं होतं तिलाच तो तपासायला दिला. तिनं काही टोमणा मारला नाही, म्हणून मलाच अवघडल्यासारखं झालं. मग गावाच्या सगळ्या बांध्यांवर नवा नियम चालवून पाहिला. टेकरामांच्या बांधीखाली भागरताबाईंचं नाव आलं. ठीक. भागरताबाईंच्या बांधीखाली काही येणार नाही, असं मी धरून चाललो होतो, कारण तिथून पुढे नाला.

तिथं एक नाव आलं. नाल्याच्या काठाला एक चिंचोळी बांधी होती, त्यांच्या दिराच्या नावावर. धान हलका.

म्हणजे त्या दिवशी आम्ही पाणी सोडलं तेव्हा त्यांच्या दिराचाही धान कापून पडलेला असणार. भरलेल्या बांधीतून पाणी झिरपून, उतरून त्याच्या कडप्यात गेलं असणार. टेकरामांचा कडपा आम्ही गाजावाजा करून, बायका गोळा करून उचलला, आणि त्याच्या खाली आणखी एक कडपा आहे हे कुणी बघितलं नाही. मी तर नाहीच. मी लगेच फोन लावला.

भागरताबाईंनी आधी धानाचं सांगितलं. वरच्या भागात दाणा चांगला भरला, कोपऱ्यात पोचट निघाला, मिळून बरं आहे, वर्षाचं खायला होईल आणि थोडं विकताही येईल. टेकरामांचा धान पाळीवर वाळला, चिमण्यांनी खाल्ला त्याबद्दल ते अजून रोज काहीतरी बोलतात.

मग मी विचारलं, "तुमच्या खाली दिरांची बांधी आहे ना?"

"हाय ना. काऊन?"

"त्यांचा कडपा? आपण पाणी सोडलं तेव्हा तो भिजला का?"

"काऊन भिजंन? त्याच्या घरी जाऊन इचारल्यावरच पानी घेतलं मी. दोघायनं मिरून उचलून ठेवला त्याचा कडपा."

"कधी? मी तिथंच होतो."

"होते ना," त्या म्हणाल्या. "धुऱ्यावर बसून पायातला काटा काहाडत होते."